खालून वर वाचायचा दगड

मे महिना लागला की दिल्लीत झाडांच्या आधी माणसं वाळायला लागतात. सकाळी ऑफिसला जाताना माझी रिक्षा मुनिरकाच्या सिग्नलला थांबते, आणि पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं अशी पोरं-पोरी समोरून रस्ता ओलांडतात. नागरी सेवांची पूर्वपरीक्षा जवळ आली की ह्या सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसायला लागतात. कोण बिहारचा, कोण केरळचा, कोण आपल्या परभणी-नांदेडकडचा, काही कळत नाही. मग त्यातली एखादी फोनवर मराठीत बोलताना ऐकू येते. "हो गं आई, जेवले. खोटं कशाला बोलू?" आणि ती जेवलेली नाही हे मला लगेच कळतं.

सिग्नल सुटतो. रिक्षावाला 'लू'च्या गरम वाऱ्याला शिव्या देत पुढे निघतो. ऑफिसात गेल्यावर मी फायली उघडते, चहा पिते, साहेबांनी हिंदीत दिलेलं इंग्रजीत करते आणि इंग्रजीत दिलेलं हिंदीत. पण त्या आठवड्यात कामात लक्ष म्हणून लागत नाही. अंगात एक जुना शीण येऊन बसतो. परीक्षा सोडून इतकी वर्षं झाली, तरी शरीराला मे महिना पाठ आहे.

मीही मुनिरकातल्याच एका गल्लीत राहिलेली. ते दिवस आठवायला गेलं की आधी वास येतात. कूलरच्या ओल्या गवताचा, खालच्या खानावळीतल्या राजम्याचा, झेरॉक्सच्या दुकानातल्या गरम कागदाचा. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की समोरच्या खोलीतल्या मुलाचं भिंतीवरचं घड्याळ मला माझ्या खाटेवरून दिसायचं आणि मी त्यावर वेळ बघायचे. ऊन दोन भिंतींच्या मधून पट्टीसारखं खाली यायचं, थोडा वेळ जिन्यावर थांबायचं आणि निघून जायचं. उजेड कमी असला तरी उकाडा मात्र पुरेपूर मिळायचा.

त्या खोलीत माझ्याबरोबर नसीम होती. उदगीरची. उंच, सावळी, भराभर चालणारी. तिचे अब्बा विजेच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. गावात त्यांचं छोटं दुकान होतं. मी सांगली जिल्ह्यातल्या जतकडची. आम्ही दोघी दुष्काळी भागातल्या, त्यामुळे पाणी कसं वापरायचं ह्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. दिल्लीत दोन मुलींनी एका खोलीत सुखानं राहायला तेवढं पुरतं.

तिचा विषय इतिहास होता, माझा भूगोल. माझ्या लेखी इतिहास म्हणजे पाठांतर. हे मंदिर नागर, ते द्राविड, ही मूर्ती पालांची, ती चोळांची. उजळणीच्या कागदावर देवळांचे रकाने करायचे आणि परीक्षा झाली की विसरायचं. नसीमचं तसं नव्हतं. तिला वस्तू बघावी लागायची. आमच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सरकारी क्वार्टर्सच्या मधोमध एका बागेत एक जुना घुमट आहे. आत कबर आहे. बाहेरच्या पाटीवर काळ लिहिलेला, पण माणसाचं नाव नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. सावलीत निवृत्त बाबूलोक पत्ते कुटत बसायचे आणि मागच्या बाजूला कुणीतरी गाद्या वाळत घालायचं. भिंती हातभर जाड, त्यामुळे आत भर दुपारीही गारवा. आम्ही तिथे वाचायला जायचो. वाचायचे मी. नसीम दगडी जमिनीवर तळवे टेकून नुसती बसायची.

"यार, टेस्ट सिरीज तोंडावर आलीये आणि तू काय करतेयस?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"बरं वाटतं गं," ती म्हणाली. "हा माणूस मला काही विचारत नाही."

मी हसले होते. पण मागे वळून बघताना वाटतं, त्या उन्हाळ्यात आम्हाला सगळेच विचारत होते. अभ्यास कुठवर आला, कितवा प्रयत्न, पुढे काय, लग्नाचं काय. घरून फोन, मैत्रिणींचे फोन, क्लासमधले सर. त्या सगळ्यांत एक घुमट असा होता की ज्याला आमच्याकडून काहीच नको होतं. त्याचं स्वतःचं सगळं होऊन गेलेलं. जिंकणं, हरणं, नाव, नाव पुसलं जाणं, सगळं. तो फक्त सावली द्यायचा.

नसीमला एक भाऊ होता आणि तो आदल्या वर्षी वारला, एवढंच मला माहीत होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही. ईदलाही घरी गेली नाही. अब्बांचा फोन आला तर "जी, ठीक है, हां" एवढ्यात संपायचा. मी विचारलं नाही. मुनिरकात प्रत्येकाच्या खोलीत एक न विचारायची गोष्ट असते, आणि आपण ती ओलांडून कूलर चालू करायला शिकतो.

मेच्या मध्यावर मला कावीळ झाली. आधी नुसती मळमळ वाटली, मग अन्नाचा वास नकोसा झाला, मग एका सकाळी नसीमनं माझी पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "पिवळ्या झाल्यात गं." त्या गल्लीत उन्हाळ्यात अर्ध्या खोल्यांतून कावीळ व्हायची, पाणीच तसलं. तिनं मला दवाखान्यात नेलं, रक्त तपासून आणलं, उसाचा रस आणला, मुगाचं पातळ वरण करून चमच्यानं भरवलं. स्वतःचं वाचन बाजूला ठेवून. मी पडून असायचे आणि समोरच्या मुलाचं घड्याळ बघायचे. इतकं थकायला व्हायचं की परीक्षा बुडेल ह्याची भीतीसुद्धा वाटायची नाही. तीसुद्धा कुठेतरी लांब, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

मला न सांगता नसीमनं माझ्या आईला फोन केला.

आई तोवर मिरजेच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती. गावात अंगणवाडीत मदतनीस होती. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून घर तिच्यावरच. मिरजेहून निजामुद्दीनच्या गाडीत बसली आणि आली. हिंदी येत नाही, फलाट माहीत नाही, पण नसीम तिला आणायला गेली होती. दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा आईच्या डोक्यावर ज्वारीच्या पिठाची पिशवी होती आणि नसीमच्या दोन्ही हातांत बोचकी. आईनं माझ्याकडं पाहिलं, खोलीकडं पाहिलं, खिडकीबाहेरच्या भिंतीकडं पाहिलं.

"इथं राहती व्हय तू?" एवढंच म्हणाली. मग पदर खोचला आणि स्टोव्हपाशी बसली.

माझं दुखणं तिनं हातात घेतलं. बिनतेलाचं, बिनमिरचीचं, मऊ भाकरी ताकात कुस्करून. मला भूक लागायला लागली. आईनं परतीची दोन तिकिटं आधीच काढून आणली होती, एक तिचं आणि एक माझं. गाडी परीक्षेच्या आधीची. "पुरं झालं आता," ती म्हणायची. "शिकलीस तेवढं बास. जीव राहिला तर परीक्षा." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर आतून मला सुटल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी आपल्याला हाताला धरून इथून न्यावं, आणि आपण 'मी सोडलं नाही, मला नेलं' असं म्हणायला मोकळं व्हावं, असं मुनिरकातल्या कुणाला कधी ना कधी वाटलं नसेल?

गाडीला अवकाश होता. मला जरा चालता यायला लागल्यावर नसीम म्हणाली, "मावशी दिल्लीला आल्या आणि काहीच बघितलं नाही. उन्हात लाल किल्ला नको. संग्रहालयात जाऊ. आत गार असतं."

त्या संग्रहालयात नसीम नेहमी एकटी जायची. आज आम्ही तिघी. आई प्रत्येक काचेपाशी थांबत होती. हडप्पाचे लाल मणी बघून म्हणाली, "एवढ्याशा मण्याला भोकं कशानं पाडली असतील गं?" आणि नकळत तिचा हात स्वतःच्या मोकळ्या गळ्याकडं गेला. एका दालनात बिनडोक्याच्या मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्यापुढून जाताना तिनं चाल मंद केली, आजाऱ्याच्या खोलीत आवाज न करता चालावं तशी. नाक तुटलेला एक बुद्ध होता, मिटल्या डोळ्यांचा. त्याच्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. "दमलाय," म्हणाली. मार्गदर्शक पुस्तकांत त्या चेहऱ्याला शांत म्हणतात, करुण म्हणतात. मला त्या दिवशी आईचंच खरं वाटलं. कदाचित आम्ही तिघी दमलेल्या होतो म्हणून.

मग मधल्या चौकाभोवतीच्या ओवरीत आलो. तिथे भिंतीला लागून काही मोठे दगड उभे केलेत. त्यातल्या एकासमोर आई थबकली आणि तिनं चपला काढल्या.

तो वीरगळ होता. आमच्याकडं गावोगाव असतात. लढताना मेलेल्या माणसासाठी उभा केलेला पुरुषभर उंचीचा दगड, त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या. आमच्या गावात मारुतीच्या पारालगत चार आहेत, तेल पिऊन काळे झालेले. लहानपणी मी त्यांना टेकून चिंचा खाल्ल्या आहेत. पण दिल्लीत, सरकारी इमारतीत, खाली पाटी लावलेला पाहिल्यावर मला तो ओळखू आला नव्हता. ह्या दगडासमोरून मी आधीही एकदा गेले होते आणि 'दख्खन, मध्ययुगीन' एवढं वाचून पुढे सरकले होते.

आई वाकून हात लावायला लागली तसा पहारेकरी पुढे आला. "माताजी, हाथ नहीं लगाना."

"लावत नाही बाबा," आई मराठीतच म्हणाली. "पाया पडते."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक. तो मागे सरला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"हा आपल्या पारावरचा इथं कसा?" आईनं विचारलं.

"तो नाही, मावशी. तसलाच दुसरा," नसीम म्हणाली. "तिकडचाच आहे पण."

"ह्याच्या गावाला ठाऊक हाय का, हा इथं हाय म्हणून?"

नसीम दगडाच्या शेजारी उभी राहून, बोट न टेकवता, आईला सांगू लागली. "हा खालून वर वाचायचा असतो, मावशी. हे बघा, सगळ्यात खाली गाई आहेत. गावच्या गाई पळवून चालले होते, त्या सोडवायला हा गेला. हा इथे पडलाय, आडवा. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, हातात ढाल-तलवार. त्याच्या वर ह्या बायका, अप्सरा, त्याला काखेत हात घालून वर घेऊन चालल्यात. आणि सगळ्यात वर तो पिंडीसमोर बसलाय. पोचला."

आई कथा ऐकावी तशी ऐकत होती. आमच्या पारावरच्या दगडांना तिनं जन्मभर तेल घातलं, पण त्यांत गोष्ट आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. "आणि हे चंद्र-सूर्य?" आईनं विचारलं.

"ते आहेत तोवर ह्याची आठवण राहील, असं."

"नाव काय ह्याचं?"

"नाव नाही कोरलेलं."

"बरं. पण मग हा करून ठेवला कुणी?"

"गावानं केला असेल. नाहीतर घरच्यांनी," नसीम म्हणाली. "बाप असेल, आई असेल, बहीण…"

'बहीण' म्हणाली आणि तिथंच थांबली. मग खांबाला टेकून सरळ खालीच बसली आणि रडायला लागली. मी इतक्या महिन्यांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. पाठीवरून हात फिरवला नाही की 'रडू नको' म्हटलं नाही. फक्त विचारलं, "काय नाव त्याचं?"

"इम्रान."

"तुझ्यापरीस मोठा का धाकटा?"

"धाकटा. अब्बांबरोबर दुकानात बसायचा. मोटारसायकलवरून जाताना ट्रकनं…" तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मावशी, माझे मुख्य परीक्षेचे पेपर चालू होते. घरच्यांनी ठरवलं, पेपर संपेपर्यंत हिला सांगायचं नाही. मी रोज फोन करत होते. अम्मी म्हणायची, सब ठीक है. इम्रान कुठाय विचारलं तर, बाहर गया है. शेवटचा पेपर झाला आणि मग अब्बांचा फोन आला. तोवर सगळं उरकलं होतं. मी त्याचं तोंडही बघितलं नाही. आणि परीक्षेत मी नापास झालेच की! सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

ओवरीतून शाळेच्या मुलांची एक रांग गेली. बाई त्यांना 'चलो चलो, लाइन मत तोडो' म्हणत होत्या. मुलांनी रडणाऱ्या मुलीकडं पाहिलं आणि आदबीनं दगडाकडं पाहिलं.

आई विचारत राहिली. इम्रान दिसायला कसा होता, कुणावर गेला होता, त्याला खायला काय आवडायचं, चिडका होता का. नसीम सांगू लागली. अम्मीसारखा गोरा. कैरीचं लोणचं नुसतं खायचा. चिडका नाही, पण हट्टी. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार सोडवून त्याची मांजरं करायचा. सांगता सांगता एकदा हसलीसुद्धा. मी खांबाला धरून उभी होते आणि मला कळत होतं की हे सगळं नसीमला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. सगळ्यांनी तिला 'सावर' म्हटलं असेल, 'अल्लाची मर्जी' म्हटलं असेल. तो कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

जुन्या दगडांचं वेड माणसाला का असतं, ह्यावर पुढे मी पुष्कळ विचार केला. तारखा कळाव्यात म्हणून कुणी उन्हातान्हात जुन्या भिंती बघत हिंडत नाही. मला वाटतं, त्यांच्यासमोर उभं राहिलं की एक गोष्ट उघड दिसते: कुणीतरी कुणासाठी तरी एवढे कष्ट घेतले होते. घाव घालून, तासून, डोंगरातून ओढून आणून. ज्याच्यासाठी घेतले तो गेला, ज्यांनी घेतले तेही गेले, आणि कष्ट तेवढे उरले. दमलेल्या माणसाला ते बघून धीर येतो. का येतो, हे नेमकं सांगता येत नाही. पण आपलं दुःख आपण पहिल्यांदाच शोधून काढलेलं नाही, एवढं तरी समजतं.

त्यानंतर आई सारखी नसीमकडं बघायची. एका संध्याकाळी आम्ही तिला घुमटापाशी घेऊन गेलो. पत्तेवाले बाबूलोक निघाले होते. आईनं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात कोण हाय?"

"माहीत नाही, मावशी. कुणालाच नाही."

आई बाहेर येऊन पायरीवर बसली. "तुझ्या भावाच्या कबरीवर काय हाय?"

"काही नाही. अब्बा म्हणतात कच्चीच असावी, बांधायची नाही. नुसती माती. पाऊस पडला की बसते." नसीमनं गवताची काडी तोडली. "दोन पावसाळ्यांनी कुठे होती हेही कळणार नाही."

"डोक्याशी एक धोंडा रोवायला चालतं का तुमच्यात?"

"ओळखीपुरता चालतो."

"मग चल," आई म्हणाली. "मी येते तुझ्यासंगं."

नसीम गोंधळली. परीक्षा आहे, म्हणाली. अब्बांना काय सांगू, म्हणाली. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. "परीक्षा तू ठरव," ती म्हणाली. "तुला द्यायची असली तर दे, मी मागनं येईन. पण बापाशी न बोलता हितं बसून तुझ्या डोक्यात काय शिरत असंल, ते मला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम पुस्तकं खोक्यात भरताना दिसली.

त्याच दिवशी आई मेथी निवडता निवडता माझ्याशी बोलली. मान वर न करता. "तुझं तिकीट रद्द कर."

"म्हणजे?"

"तुला न विचारताच काढलं की मी. त्या पोरीच्या घरच्यांनी तिच्या भल्यासाठी ठरवलं, तसंच मीबी ठरवत होते." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तुला यायचं असलं तर चल. राहायचं असलं तर राहा. पण मी नेलं म्हणून नको."

माझ्या मनात काय चाललं होतं ते तिला कसं कळलं, हे मला आजही माहीत नाही. मला त्या क्षणी तिचा रागच आला. निसटायची एक वाट होती, तीही तिनं बंद केली. मी भिंतीकडं तोंड करून झोपले. उठले तेव्हा खोलीत मेथीचा वास होता. मी राहते म्हणाले.

असं झालं की मला न्यायला आलेली माझी आई नसीमला घेऊन गेली. नसीमला आरक्षण मिळालं नाही, तेव्हा एका बर्थवर दोघी. मी स्टेशनवर जायला निघाले तर आईनं जिन्यातच अडवलं, "तू पड. ऊन लागंल." खिडकीतून मला त्यांच्या डोक्यावरची बोचकी तेवढी दिसली, मग गल्लीच्या वळणावर तीही दिसेनाशी झाली.

मी परीक्षा दिली. पास झाले नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. वाईट वाटायलाही ताकद लागते. पुढे दुसरी एक परीक्षा दिली, अनुवादाची नोकरी लागली, दिल्लीतच लग्न झालं, क्वार्टर मिळालं. माझी मुलगी 'वीरगळ' म्हणताना 'ळ' चुकवते आणि 'आई, सिंपल बोल ना' म्हणते. नसीम उदगीरकडे एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीच्या दिवशी अब्बांच्या स्कूटरवर मागे बसून शिवारं हिंडते, आणि कुठे बांधावर, कुठे गोठ्यात, कुठे धुण्याच्या दगडाशेजारी आडवा पडलेला वीरगळ सापडला की मला फोटो पाठवते. एका फोटोत वीरगळाला म्हैस बांधलेली होती आणि शेजारी अब्बा हातात मोजायची टेप धरून, कॅमेऱ्याकडे न बघता उभे होते. थकून ऑफिसातून आले की मी ते फोटो बघत बसते. मोठे करून, खालच्या चौकटीपासून.

उदगीरला काय झालं ते मला दिवाळीत गावी गेल्यावर कळलं. आईनं चकल्या तळता तळता सांगितलं.

दोघी मनमाडला गाडी बदलून उदगीरला पोचल्या. अम्मी दारातच नसीमच्या गळ्यात पडली. अब्बा मात्र दुकानातच बसून राहिले. जेवायला घरी आले, आईला "ताई, प्रवासात त्रास नाही ना झाला?" असं मराठीत विचारलं आणि खाली मान घालून जेवून गेले. मुलीशी एक शब्द नाही, मुलीचाही त्यांच्याशी नाही. अम्मीकडून धोंड्याचं कळल्यावर कडप्प्याचा एक अरुंद तुकडा त्यांनी स्वतःच कुठून तरी आणून दाराशी उभा करून ठेवला होता. त्यावर काही कोरलेलं नव्हतं.

जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे कब्रस्तानात गेले. तिकडे बायका आत जात नाहीत. अब्बा आणि शेजारचा एकजण दगड घेऊन आत गेले. नसीम, अम्मी आणि आई कुंपणाच्या भिंतीबाहेर उभ्या राहिल्या. भिंत खांद्याएवढी. नसीमला आतलं दिसत होतं, आई बुटकी म्हणून तिनं तीन-चार विटा रचल्या आणि त्यांवर चढली. आत अब्बा गुडघ्यांवर बसून खड्डा करत होते. दगड उभा केला, माती लोटली, हातांनी दाबली.

आईला राहवलं नाही. विटांवर तोल सांभाळत तिनं हाक दिली, "भाऊ, माती नुसती लोटू नका, ठोकून घ्या. सरळ बसलाय का बघा!"

"सरळ आहे, ताई," आतून आवाज आला.

तेवढ्यात आईच्या शेजारून नसीम म्हणाली, "अब्बा, थोडा इधर कू झुका है."

अब्बांनी मान वर करून पाहिलं. घरी आल्यापासून मुलीनं त्यांना पहिल्यांदाच हाक मारली होती. त्यांनी मातीचे हात सदऱ्याला पुसले, दगड दोन्ही हातांनी धरून किंचित सरळ केला आणि विचारलं, "अब?"

"और थोडा."

त्यांनी आणखी थोडा सरळ केला.

"अब बराबर है, अब्बा."